ओ न दिलेलं गाऱ्हाणं

"मनू, माजा तांबड्या काठाचा धोतर खय गेला गे?"

मामंजींनी पडवीतून पुन्हा विचारलं आणि मी पुन्हा ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. धोतर पत्र्याच्या पेटीत होतं आणि पेटीवर मी बसले होते, मांडीवर सूप घेऊन तांदूळ निवडत.

"मामांनू, माका दिसाक नाय," मी म्हणाले.

"बसलंस तेच्या खाली बघ."

"धोतर नसला तर गाऱ्हाणा थांबात काय? देव काय धोतर बघता?"

खळ्यात माझा नवरा लवू लाकूडतोडीच्या मशीनच्या साखळीला तेल घालत होता. तो तसाच तेलकट हातांनी उंबऱ्याशी येऊन उभा राहिला. "उठ गे थयसून. साहेब वाट बघतत. सकाळीच तमाशे नको."

मी उठले. पेटी उघडली, धोतर काढलं आणि मामंजींच्या हातात न देता पडवीच्या कठड्यावर टाकलं. लग्न होऊन आले तेव्हापासून मी मामंजींना तांब्यासुद्धा कधी आपटून दिला नव्हता. त्यांनी कठड्यावरचं धोतर बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि ते उचलून नेसायला आत गेले.

मामंजी म्हणजे माझे सासरे, विश्राम गवस. कुडवळ्याचे गाऱ्हाणेकार. आमच्या तळकोकणात देवाकडे काही मागायचं तर ज्यानं त्यानं आपलं पुटपुटून चालत नाही. एक जण पुढं उभा राहून साऱ्या गावाच्या वतीनं देवाशी बोलतो, आणि त्याच्या वाक्यावाक्याला मागे उभा असलेला गाव "व्हय म्हाराजा!" अशी ओ देतो. पेरणी असो, लग्न असो, कुणाची म्हैस हरवलेली असो, गाऱ्हाणं मामंजींनीच घालायचं. त्यांचा आवाज असा की खालच्या वाडीतली माणसं हातातलं काम टाकून तिथल्या तिथं ओ देत.

त्या दिवशीचं गाऱ्हाणं मात्र वेगळं होतं. देवचाराची, म्हणजे गावाच्या राखणदार देवाची, राई तोडायची होती, आणि ती तोडू दे असं खुद्द देवचाराकडेच मागायचं होतं. चोरानं घरधन्याकडेच किल्ली मागावी तशातली गत. आणि ती किल्ली मागायला आमच्याच घरातला माणूस निघाला होता. कुंपणानं शेत खाणं म्हणतात ते हेच, असं मी आदल्या दिवशी जेवताना म्हणाले होते. लवू ताटावरून उठून गेला होता.

राई म्हणजे गावाच्या डोक्यावरचं जुनं रान. किंजळ, सातवीण, जांभूळ, मधेच माडाएवढ्या जाड वेली. मधोमध किंजळीच्या बुंध्याशी देवचाराचा पाषाण आणि त्याच किंजळीच्या मुळांतून निघणारी झर. तीच झर पाटानं खाली येते आणि आमची सगळी कुळागरं, म्हणजे सुपारीच्या बागा, भिजवते. पोफळी, केळी, मिरवेल, पिण्याचं पाणी, गुरांचं पाणी, सगळं तिच्यावर. देवचार रात्री हातात काठी घेऊन गावाची शीव फिरतो, म्हणून दर वर्षी गाव त्याला नव्या वहाणा ठेवतो. वर्षाच्या शेवटी जुन्या वहाणांचे तळवे झिजलेले असतात, असं म्हणतात. मी कधी उलटून बघितलेले नाहीत.

कंपनीचं नाव मी घेत नाही. तिची पाटी तरी आता कुठे तीच राहिलीय! आधी तिनं राईच्या वरचा डोंगर घेतला. जमीन सामाईक, कागदावर गावभरची नावं, त्यातली अर्धीअधिक माणसं मुंबईत. कोणी कुठे सही केली हे आम्हाला कळलं ते यंत्रं डोंगरावर चढली तेव्हा. डोंगर तासला, जाळला आणि त्यावर अननस लावला, कडेनं रबर. पहिल्याच पावसात वरची तांबडी माती आमच्या कुळागरांत येऊन बसली. गव्यांना वर चारा उरला नाही, तेही खाली आले आणि केळी आडवी करून गेले.

मीही त्या अननसात कामाला जात होते. खोटं कशाला सांगू? सगळ्याच जणी जात होतो. अननसाच्या पातीला करवतीसारखे दात असतात, हातापायांना ओरखडे. फळं एकदम धरावीत, एकदम पिकावीत, एकदम ट्रकात चढावीत म्हणून प्रत्येक रोपाच्या गाभ्यात आम्ही औषध ओतत असू. आणि तण मारायचं औषध वेगळं. त्यानं तण मरायचं, आणि आमच्या बोटांची सालं कांद्यासारखी निघायची. चतुर्थीला मोदकाची पारी करायला बसले तर बोटं चुरचुरून रडू आलं. मग एका सकाळी व्हाळात, गावच्या ओढ्यात, मळये मासे पोट वर करून तरंगताना दिसले. त्या दिवसापासून मी कामाला गेले नाही. लवू मुकादम होता. त्यानं माझ्याशी बोलणं टाकलं, मी त्याच्याशी. एका घरात राहून आमच्या दोघांत मांजरच काय ते बोलत होतं.

आणि हे पुढं कुठं जातं ते मला पक्कं ठाऊक होतं, कारण मी ते एकदा बघितलं होतं. माझं माहेर आंबेखोल. तिथे कंपनी आमच्या आधी आली. डोंगर गेला, मग राई गेली, आणि राईमागोमाग झर. एकदम नाही गेली. आधी मे महिन्यात आटली, मग होळीला, मग दिवाळीतच. जिच्या परसातून बारमाही पाट वाहत होता ती माझी आई गोव्यात लोकांची भांडी घासायला गेली आणि एका चाळीच्या नळाखाली कळशी घेऊन रांगेत उभी राहू लागली. आंबेखोलच्या आमच्या घरावर आता रबराची सावली आहे. रबराखाली पाखरू बोलत नाही. एकदा जाऊन आले आणि परत गेले नाही.

आता कुडवळ्याची राई तेवढी मधे उरली होती. साहेबाला तिच्यातून वर रस्ता हवा होता आणि उरलेल्या जागेत अननस. कागद तयार होते, तोडकरी तयार होते, अडकलं होतं एका ठिकाणी. तोडकऱ्यांपैकी एकही जण राईत कुऱ्हाड उचलायला तयार नव्हता. ना आमच्या गावचे, ना पलीकडच्या गावांतून आणलेले. "आदी देवाचा काय ता मिटवा," एवढंच ते म्हणत. आणि देवाचं मिटवायचं तर गाऱ्हाणं हवं, गाऱ्हाण्याला विश्राम गवस हवेत, आणि विश्राम गवसांचा मुलगा कंपनीचा मुकादम. साहेबाला गणित सोपं वाटलं.

तो साहेब, भोईटे त्याचं नाव, घाटावरचा. माणूस गोड बोलणारा होता. आमच्या घरी येऊन मामंजींच्या पाया पडला. "काका, तुमची संस्कृती आम्हाला मोडायची नाही. खाली रस्त्याकडेला देवचाराला फरशीचं मंदिर बांधून देतो. लवूची नोकरी कायम करतो." मामंजी बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, "बघूया." आमच्याकडे मोठ्या माणसानं "बघूया" म्हटलं की होकार समजायचा.

मी घागर घेऊन राईच्या पायथ्याशी, झरीच्या पाणवठ्यावर गेले. तिथे बायका जमल्या होत्याच. येसूकाकी, आमच्या शेजारची, दगडावर पाय घासत बसली होती. वय झालेलं, कंबर वाकलेली, पण जीभ कोयत्यासारखी.

"काय गे मनू, सासऱ्याक नवरदेव करून धाडलंस मा?" ती म्हणाली.

"काकी, चिडवू नको. माका रडाक येता."

"रडान काय होतला? ह्या बघ, पाणी भरून घे. वर्सान ह्याच दगडार बसान आमी तुज्या आवशीसारख्या नळाची वाट बघतलंव."

"मगे तूच बोल ना पुढे जावन!"

येसूकाकी हसली. "बायलांका कोण इचारता? आमी आपल्या मागे उब्या ऱ्हवाचा आनि व्हय म्हाराजा म्हणाचा. जल्मभर तोच धंदो."

सगळ्या हसल्या, मीही हसले. मग घागरी भरून त्या कडेला ठेवल्या आणि आम्ही राईत वर गेलो, कारण गाऱ्हाणं असलं की घरटी माणूस जायलाच हवं. आम्ही काही ठरवलं होतं असं लोक मागाहून म्हणू लागले. काहीच ठरलं नव्हतं. येसूकाकीचं ते एक वाक्य तेवढं माझ्या डोक्यात बसलं होतं.

राईत रोजच्यापेक्षा जास्त माणूस होतं. पाषाणासमोर मामंजी, तांबड्या काठाचं धोतर, खांद्यावर पंचा. त्यांच्या उजवीकडे भोईटे साहेब, हातात नारळ, सुपारी आणि नव्या कोऱ्या वहाणांचा जोड, चकचकीत, गोंड्याच्या. बाजूला तोडकरी, कुऱ्हाडी टेकवून. लवू त्यांच्यात, खांद्यावर मशीन. मागे गावचे पुरुष आणि त्यांच्या मागे आम्ही बायका.

मामंजींनी पान ठेवलं, त्यावर सुपारी ठेवली, विडीकाडी ठेवली आणि हात जोडले.

"बा देवचारा म्हाराजा! रायेच्या राखणदारा, शीमेच्या धन्या!"

"व्हय म्हाराजा!" राई घुमली. मीही म्हणाले. तोंडाला वळण असतं.

"वाडवडलांनी तुका हय बसवलो. तेंच्या मागसून आमी तुजी सेवा करत इलंव. चुकला माकला पदरात घी."

"व्हय म्हाराजा!"

"आज सगळो गाव, बाप-झील, आये-बायो, ल्हान-थोर, तुज्या पायांकडे येवन उबो ऱ्हवलो हा."

"व्हय म्हाराजा!"

मामंजींनी खांद्यावरचा पंचा सावरला. मग आवाज थोडा खाली आणून म्हणाले, "तर म्हाराजा, कंपनीचे साहेब हय इलेत. तेंका ही जागा होई. तुका रस्त्याकडे बरा देवूळ बांदून मेळतला. तू हयसून उठ, थय जावन बस, आनि ह्या कामाक यश दी रे म्हाराजा!"

माझे ओठ मिटले. मी मिटले असंही म्हणता येणार नाही. आईची कळशी डोळ्यांपुढे आली आणि ओठ मिटले. मी शेजारी बघितलं. येसूकाकीचे मिटलेले. तिच्या पलीकडचीचे मिटलेले. पुढच्या पुरुषांतून दोन-चार ओ निघाल्या, त्याही मळकट, एकमेकांच्या मागे लपलेल्या. मागून काहीच गेलं नाही.

गावाची ओ आजवर बायकांच्या आवाजावर चढून जात होती हे त्या दिवशी सगळ्यांना पहिल्यांदा कळलं.

मामंजींचा कान तयार होता. ओ पातळ आली तर मागणं पुन्हा म्हणायचं, अशी रीत. त्यांनी पुन्हा म्हटलं, शब्द न शब्द तोच, आवाज चढवून. ह्या वेळी पुरुषांनी मागं वळून आपापल्या बायकांकडे बघितलं आणि त्यांच्या तोंडातूनही काही निघेना. झरीचा आवाज तेवढा येत होता.

"काय झालं काका?" साहेब म्हणाला. "पुढं चला ना."

"ओ नाय इली," मामंजी पाषाणावरची नजर न हलवता म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे माजा एकट्याचा बोलणा झाला. गावाचा झाला नाय."

साहेबानं घड्याळाकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं, मग हात जोडून, डोळे मिटून, शाळेतल्या प्रार्थनेच्या सुरात मोठ्यानं म्हणाला, "होय महाराजा!"

एकटाच. हसू येऊ नये अशी जागा होती, पण कोण तरी फिसकलंच. मग येसूकाकी त्या नव्या वहाणांकडे बोट दाखवून म्हणाली, "साहेबांनू, वहाणा बऱ्यो आसत हो. पण राय तोडल्यार त्यो घालून देवचार फिरतलो खय? तुमच्या अननसात? पायांक काटे लागतले बिचाऱ्याच्या!"

आता सगळेच हसले, तोडकरीसुद्धा. साहेबाचा चेहरा उतरला आणि मग लाल झाला. "बरं, झाली पूजा," तो म्हणाला. "लवू, मशीन सुरू कर."

लवू पुढं झाला. पण तोडकऱ्यांतला थोरला, पलीकडच्या गावचा पांढऱ्या मिशांचा माणूस, त्याच्या आडवा आला. "साहेब, देव जागो केलो हा. गाऱ्हाणा अर्ध्यार आसा. आता हय कोण कुऱ्हाड लावीत?"

तो खरं तेच बोलला. उभं केलेलं गाऱ्हाणं अर्ध्यावर टाकता येत नाही. ओ मिळेपर्यंत गाऱ्हाणेकारानं देवासमोरून हलायचं नाही. हलला तर त्याचा जाब आधी त्याच्या घरावर येतो, त्याच्या मुलाबाळांवर, गुरांवर. हे आम्ही सगळे मानत होतो, मीही मानत होते. आणि ते घर माझंच होतं. माझी धाकटी लेक तेव्हा पाळण्यात होती.

लवू मशीन खाली ठेवून माझ्यापाशी आला. सकाळचा तो हुकूम सोडला तर महिन्याभरात पहिल्यांदा माझ्याशी बोलला. "मनू, म्हण. बापूस थय उबो आसा तो दिसना नाय तुका?"

"दिसता."

"नोकरी जायत माजी."

"माका ठावक आसा."

"मगे ह्या काय लावलंस?"

"मी काय लावलंय? मी गप उबी आसंय. गप ऱ्हवाचो पण गुन्हो झालो काय आता?"

मूग गिळून गप्प बसायची आम्हाला सवयच होती. तोच आमचा गुण आजवर सगळ्यांना आवडत होता. लवू माझ्याकडे असा बघत राहिला की मी त्याला कुठून तरी नवीनच आलेली दिसत असावे. तेवढ्यात मामंजी वळले. देवाकडे पाठ न करता, तिरके. त्यांच्या कपाळावर घाम होता.

"मनू," ते म्हणाले, "जाब घरार येतलो गे. घर तुजाच आसा."

"म्हणानच, मामांनू," मी म्हणाले. ते सगळ्यांना ऐकू गेलं. "माज्या म्हायेरच्या घराचो जाब कोणी दिल्यान? बरा मागा, मी पयली ओ देतंय."

सासऱ्याला सून चारचौघांत असं बोलली, हे कुडवळ्यात त्याआधी झालं नव्हतं. कोणी "शी" म्हटलं नाही. मामंजी पुन्हा पाषाणाकडे वळले आणि त्यांनी मागणं बदललं.

"म्हाराजा! तुजो पाषाण आनि तुजी किंजळ तशीच ऱ्हवांदे. बाकीची राय तेंका दी…"

"एका झाडाची राय?" येसूकाकी म्हणाली, पण हळू, आपल्याशीच. ओ नाही.

"म्हाराजा! झरीच्या भोवतीची झाडा ऱ्हवांदेत. वयल्या अंगाची तेवडी…"

पुढच्या रांगेतून एकाची ओ आली. कंपनीचा ड्रायव्हर होता तो. त्याच्या बायकोनं मागून त्याचा सदरा असा ओढला की ओ घशातच राहिली. पुन्हा गप्प. साहेब बाजूला जाऊन मोबाईल उंच धरून रेंज शोधत होता. रानात रेंज कुठली? तो फिरत होता, आणि मामंजी देवाशी घासाघीस करत होते, आणि खरं तर देवाशी नव्हे, आमच्याशी. पण आमच्याकडे तोंड करून हे बोलणं त्यांना ह्या जन्मी जमलं नसतं.

मग ते थांबले. उन्हं पानांतून पाषाणावर आली होती. त्यांच्या पायांना कंप सुटला होता. मला वाटलं, पडणार हा म्हातारा, आणि माझ्यामुळे पडणार. मनात आलं, म्हणून टाकावं एकदा. एक शब्द. मी येसूकाकीचा हात घट्ट धरला आणि तिनं माझा.

मामंजी जागा न सोडता कडेला वाकले आणि झरीच्या तोंडाशी ओंजळ धरली. एक ओंजळ प्यायले. दुसरी डोळ्यांना लावली. मग पाषाणासमोर पुन्हा ताठ उभे राहिले, आणि त्यांचा तो आवाज, खालच्या वाडीतून ओ आणणारा, त्या सकाळी पहिल्यांदा पूर्ण निघाला.

"बा देवचारा! आताच माज्या तोंडातसून जा गेला, ता चुकला. पदरात घी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मी म्हणाले. पहिली ओ देते म्हटलं होतं, दिली.

"ही राय तुजी. हेचा पान तुजा, फांदी तुजी!"

"व्हय म्हाराजा!" आता सगळ्या बायका.

"ह्या झरीचा पाणी आमी पियालंव, आमची पोरा पियतली, तेंची पोरा पियतली!"

"व्हय म्हाराजा!" आता पुरुषही, आणि तो ड्रायव्हरही.

"ह्या रायेक जो कोण कुऱ्हाड लावीत, मगे तो भायलो आसो, गावचो आसो, माज्या पोटचो झील आसो, तेचो हात थयच्या थय आडव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

ती ओ डोंगरावर जाऊन आदळली आणि परत आली. तिच्यात तोडकऱ्यांचे आवाज होते. आणि त्यांच्यात एक घोगरा, मला हजारांत ओळखू येणारा आवाज होता. लवूचा. लहानपणापासून बापाच्या गाऱ्हाण्याला ओ देत वाढलेला माणूस तो. सवयीनं तोंडातून गेली की मनातून गेली, हे त्यानं मला आजवर सांगितलेलं नाही, आणि मीही विचारलेलं नाही.

साहेब धावत आला. "लवू! उचल ते मशीन!"

लवूनं मशीन उचललं. त्यानं ते साहेबाच्या पायाशी नेऊन नीट ठेवलं, तेलकट हात लेंग्याला पुसले आणि म्हणाला, "साहेब, मी आता ओ दिलंय."

"अरे पण काय बोलतोस काय तू?"

"ओ दिलंय," लवू पुन्हा म्हणाला. त्याच्यापाशी दुसरं काही सांगण्यासारखं नव्हतं. तोडकरी कुऱ्हाडी खांद्यावर टाकून खाली उतरायला लागले. पांढऱ्या मिशांच्या थोरल्यानं जाताना चपला काढून पाषाणाला हात जोडले.

लवूची नोकरी त्याच दिवशी गेली. पुढची वर्षं सोपी नव्हती. कंपनीनं गाड्या पाठवल्या, पोलीस पाठवले, लांबून माणसं आणली. दर वेळी कोणी ना कोणी त्यांना गाऱ्हाण्याची गोष्ट सांगायचं आणि ती माणसं राईच्या तोंडावरून माघारी फिरायची. आम्ही बायका झरीवर पाळीपाळीनं बसत होतो. आजूबाजूचे डोंगर गेले, त्यांचं रबर झालं. त्यांना आम्ही वाचवू शकलो नाही, आणि त्याचं दुःख आहे. पण कुडवळ्याचा पाट आज मे महिन्यातही वाहतो. माझी आई शेवटची वर्षं माझ्याकडे होती. पाटात पाय सोडून बसायची, कुणी हाक मारली तरी उठायची नाही.

ह्या गोष्टीचं पुढं काय झालं म्हणाल, तर पंचक्रोशीत मामंजींचं नाव झालं. विश्राम गवसानं कंपनीला कसं फसवलं, आधी हो म्हणून मग ऐन वेळी कशी कलाटणी दिली! लोक लांबून त्यांना बघायला यायचे. मामंजीही मिशीला पीळ देत सांगायचे, "तेवाच ठरवलंलय मी मनात." मी चहाचा कप त्यांच्यासमोर जरा मोठ्यानं ठेवायची. ते माझ्याकडे चोरून बघायचे आणि विषय बदलायचे.

अगदी शेवटी अंथरुणाला खिळले, तेव्हा एकदा पाणी मागितलं. मी झरीवरून ताजा तांब्या भरून आणला. एक घोट पिऊन म्हणाले, "मनू, तेवा तू पयल्याच मागण्याक ओ दिली आसतंस तर?"

"तर हो तांब्यो मी खयसून हाडलो आसतो?"

म्हातारा खूप वेळ हसला. "धोतरापासूनच माका कळाक होया होता," म्हणाला.

आता गाऱ्हाणेकार लवू आहे. बापाइतका आवाज नाही, पण बरा आहे. एक सवय मात्र त्याची स्वतःची. मागणं मागायच्या आधी मान तिरकी करून तो एकदा मागं बघतो, बायकांच्या रांगेकडे, आणि मगच तोंड उघडतो. नव्या पोरांना वाटतं ही रीतच आहे. आता रीतच झाली म्हणायची.

गेल्या वर्षी नवी कंपनी आली. ह्या वेळी तेलताडाची. नवा साहेब, कोवळा पोरगा, बोलायला त्या भोईट्यांहून गोड. नारळ आणि खोक्यातल्या नव्या वहाणा घेऊन लवूकडे आला. "गाऱ्हाण्याशिवाय इथं काम होत नाही असं ऐकलंय. तुम्ही घालाल का?"

लवू खळ्यात सुपाऱ्या वाळत घालत होता. मान वर न करता म्हणाला, "घालतंय की. बोलाक काय जाता? पण ओ माज्याकडे नाय." आणि त्यानं हनुवटीनं झरीकडे दाखवलं.

पोरगा झरीच्या पाणवठ्यावर आला. आम्ही सगळ्या होतो तिथे. येसूकाकी गेली, तिच्या दगडावर आता तिची नातसून बसते. त्यानं बूट काढले, हात जोडले आणि म्हणाला, "ताई, जरा ऐकता का?"

आम्ही घागरी भरत होतो. कोणीच ओ दिली नाही.